‘हुश्श’मागचं गुपित

आज एक गोष्ट सांगते. गोष्ट माझ्या भाचीची आहे. तिचं नाव मात्र सांगत नाही. नाहीतर ती माझ्याशी आठवडाभर बोलायची नाही!

भाची तेव्हा दहावीला होती. शाळेची पूर्वपरीक्षा चालू होती आणि त्या दिवशी गणिताचा पेपर होता. गणित तिचं चांगलं. आदल्या रात्री अवघड उदाहरणं तिने माझ्यासमोर भराभर सोडवून दाखवली होती. सकाळी हातावर दही-साखर घेऊन, देवाला नमस्कार करून स्वारी शाळेत गेली.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. अक्षरं दिसत होती, पण अर्थच लागेना. छातीत धडधड सुरू झाली. हात गार पडले, जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने पुरवणी मागितली. झालं! उरलंसुरलं अवसानही गळालं. कसेबसे दोन प्रश्न लिहून ती उठली.

घरी आल्यावर माझी ताई, म्हणजे तिची आई, वैतागून म्हणाली, “अभ्यासच केला नसशील नीट!” भाची काही बोलली नाही. संध्याकाळी गच्चीत माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मावशी, मला सगळं येत होतं गं. तोच प्रश्न घरी आल्यावर पाच मिनिटांत सुटला. मग तिथे काय झालं मला?”

तुमच्यापैकी कितीजणांना हा प्रश्न पडला असेल! कुणाला परीक्षेत, कुणाला वक्तृत्व स्पर्धेत, कुणाला शेवटच्या षटकात फलंदाजीला जाताना. येत असलेलं ऐन वेळी येईनासं होतं. लोक म्हणतात, “आळशी आहे,” किंवा “भित्रा आहे.” खरं म्हणजे या दोन्ही गोष्टी नसतात. मग असतं तरी काय? चला, शोधून काढू.

आजीच्या भाषेतली भीती

माणूस घाबरला की आपण काय काय म्हणतो, आठवून पाहा. पोटात गोळा आला. तोंडचं पाणी पळालं. हातपाय गार पडले. छातीत धडधडलं. दरदरून घाम फुटला. डोळे विस्फारले.

गंमत म्हणजे हे नुसते वाक्प्रचार नाहीत. यातला एकेक शब्द खरा आहे! कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ स्वतःच्या शरीराकडे पाहून आपल्या आजी-पणजींनी भीतीची ही यादी करून ठेवली होती.

याची शास्त्रीय तपासणी पुढे झाली. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी क्ष-किरणांच्या मदतीने मांजरांच्या पोटात डोकावत होता. खाल्लेलं अन्न जठरात कसं घुसळलं जातं, ते त्याला पाहायचं होतं. मांजर शांत असलं की जठरावर लाटांमागून लाटा येताना दिसत. पण मांजर बिथरलं, घाबरलं, की लाटा एकदम बंद! शांत झालं की पुन्हा सुरू.

पोटात गोळा का येतो, ते आता कळलं ना? घाबरलं की पोटाचं काम थांबतं. हेच कॅनन पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. भीती आणि राग यांनी शरीरात काय बदल होतात, यावर १९१५ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. संकट समोर आलं की प्राण्यापुढे दोन वाटा असतात, लढा किंवा पळा. शरीर दोन्हींची तयारी एकदमच करतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात धावू लागतं. हातापायांच्या कातडीतलं रक्त कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते, कारण वाघ समोर असताना जेवायचं कुणाला असतं? श्वास भराभर आणि वरच्यावर होऊ लागतो.

वाघ खराच समोर असेल तर हे सगळं फार उपयोगाचं आहे. अडचण एवढीच की आपल्यासमोर वाघ नसतो, गणिताचा पेपर असतो. त्याच्याशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही! आणि धोक्याच्या वेळी मेंदूचा सावकाश, नीट विचार करणारा पुढचा भाग मागे पडतो. वाघापुढे समीकरण सोडवत बसणाऱ्याचं काही खरं नसतं ना! म्हणून माझ्या भाचीला काही सुचेना. केलेला अभ्यास पुसला गेला नव्हता. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी काही वेळ बंद झाली होती.

एका गाडीला दोन चालक

आता विचार करा. या यादीतली कोणती गोष्ट तुम्ही ठरवून बदलू शकता? “हृदया, हळू चाल,” असं म्हणून पाहा. ते ऐकेल? घामाला “थांब” म्हणून तो थांबेल? पोटाला हुकूम सोडता येईल? नाही. ही सगळी खाती आपल्याला न विचारता चालतात. म्हणूनच ती चालवणाऱ्या व्यवस्थेला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपला कारभार आपण पाहणारी.

पण एक गोष्ट अशी आहे की तिला दोन चालक आहेत. ती म्हणजे श्वास. तुम्ही गाढ झोपलात तरी तो चालतो. मोठ्या माणसाचे दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास होतात, त्यातला एकही त्याला आठवून घ्यावा लागत नाही. आणि तरीही मनात आलं की आत्ता, या क्षणी, तुम्ही तो हळू करू शकता, लांबवू शकता, थोडा वेळ थांबवूही शकता. बंद वाड्याला एकच दार उघडं असावं, तसा हा श्वास आहे. बाकीची सगळी दारं आतून लावलेली, हे एक आपल्या हातात.

या दारातून आत गेलं की कुठे पोचतो आपण? थेट ब्रेकपाशी!

स्वायत्त चेतासंस्थेचे दोन मुख्य भाग आहेत. एक अनुकंपी, म्हणजे सायकलचं पॅडल समजा. दुसरा परानुकंपी, म्हणजे ब्रेक. या ब्रेकची मुख्य तार म्हणजे व्हेगस नावाची चेता. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात, त्यांतली ही दहावी. लॅटिन भाषेत ‘व्हेगस’ म्हणजे भटका. नाव अगदी शोभतं. ही चेता मेंदूतून निघते आणि गळा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असा गावोगाव हिंडावं तसा प्रवास करते. हृदयाला मोकळं सोडलं तर मोठ्या माणसात ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. पण स्वस्थ बसलेलं असताना व्हेगस त्याला सतत हलका ब्रेक लावून धरते, म्हणून ते ७०-७५ वर राहतं.

स्वप्नात सापडलेला प्रयोग

व्हेगस हृदयाला ‘हळू’ असं सांगते तरी कसं? याची हकिगत मोठी मजेदार आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग दिसला. जागं होऊन त्यांनी तो कागदावर खरडला आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तो काय, स्वतःचंच अक्षर स्वतःला लागेना! (तुमच्या वहीत कधी झालंय असं?) दिवसभर डोकं खाजवलं, पण काही आठवेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी लोवींनी कागदाचा नाद सोडला. उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले.

बेडकाची दोन हृदयं त्यांनी मिठाच्या द्रावात ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला विजेचा बारीक धक्का दिला. हृदय मंद झालं. मग त्याच्याभोवतीचा द्राव उचलून दुसऱ्या हृदयावर टाकला. दुसऱ्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंद झालं! म्हणजे व्हेगसच्या टोकातून कसलं तरी रसायन पाझरत होतं, तोच तिचा निरोप. १९२१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल या दोघांना १९३६ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे शांतता ही काही हवेतली कल्पना नाही. तिचं रसायन आहे, तिची तार आहे आणि तिचा ब्रेक आहे.

आता तुमचा प्रयोग

श्वासाचा आणि या ब्रेकचा संबंध काय, ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच पाहा. यंत्र नको, पैसे नकोत. फक्त मनगट हवं.

अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर दोन बोटं हलकेच ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास घ्या आणि नाडीकडे लक्ष द्या. मग त्याहून सावकाश सोडा. चार-पाच वेळा करा. काय जाणवलं? श्वास आत येताना ठोके किंचित भराभर पडतात आणि बाहेर जाताना लांब लांब पडतात. पहिल्यांदा नाही कळलं तर पुन्हा करा. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हा फरक जास्त ठळक असतो, तेव्हा इथे तुम्ही बाबांपेक्षा पुढे!

जर्मनीचे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये हीच गोष्ट कुत्र्यावर प्रयोग करताना टिपली होती. रक्तदाबाची रेघ फिरत्या कागदावर काढणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. कारण पुढे कळलं. श्वास घेताना व्हेगसचा ब्रेक जरा सैल होतो, श्वास सोडताना तो पुन्हा लागतो. जितका श्वास लांब सोडाल, तितका वेळ ब्रेक दाबलेला राहील.

इथेच आजच्या लेखाची किल्ली आहे. कुणी घाबरलं की आपण त्याला काय सांगतो? “जोरात श्वास घे!” खरं तर सांगायला हवं, “आधी सावकाश श्वास सोड!”

हुश्श!

आता मला सांगा, संकट टळलं की तुम्ही काय म्हणता? परीक्षा संपली, हुश्श! हरवलेली वही दप्तरातच सापडली, हुश्श! लाइट गेले होते ते आले, हुश्श! हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. त्यात अक्षरं दीड आणि बाकी नुसता लांब सुटणारा श्वास! पुस्तकात लिहितात, ‘त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.’ निःश्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास. पाहा, सुटका झाली की माणूस श्वास सोडतो, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. आपण फक्त क्रम उलटा करायचा. सुटका होण्याची वाट न पाहता हुश्श आधी करायचं.

शरीरही अधूनमधून मोठा निःश्वास टाकत असतं, तासाला दहा-बारा वेळा, तुमच्या नकळत. फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांतले काही हळूहळू मिटत जातात. मध्येच एका श्वासावर दुसरा श्वास घेतला की ते पुन्हा उघडतात. रडून दमलेलं बाळ झोपेत काय करतं, पाहिलंय? दोन हुंदक्यांत श्वास आत घेतं आणि लांब सोडतं. कुणी शिकवलं त्याला?

हाच ‘दोनदा आत, एकदा लांब बाहेर’ श्वास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यासला गेला. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून थोड्या अधिक मोठ्या माणसांनी महिनाभर, रोज फक्त ५ मिनिटं, वेगवेगळ्या गटांत श्वासाचे किंवा ध्यानाचे प्रकार केले. काळजी सगळ्याच गटांत कमी झाली. पण मन प्रसन्न होण्यात आणि एरवीचा श्वास संथ होण्यात निःश्वास टाकणारा गट पुढे राहिला.

त्याआधी २०१७ मध्ये उंदरांवर एक संशोधन झालं होतं. मेंदूच्या तळाशी श्वासाचा ताल धरणारं एक केंद्र आहे. त्यातल्या काही थोड्या पेशी मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या भागाला निरोप धाडतात. त्या पेशी काढल्या तर उंदीर विलक्षण शांत झाले. म्हणजे मन घाबरलं की श्वास बिघडतो एवढंच नाही. श्वासही मनाला बातमी देत असतो. भरभर श्वास म्हणतो, “धोका!” संथ श्वास म्हणतो, “सगळं ठीक आहे.”

एक मोठा गैरसमज

पुष्कळांना वाटतं, दीर्घ श्वास घेतला की भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून शांत वाटतं. पण २०२०-२१ च्या करोनाच्या दिवसांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तुम्ही पाहिलं असेल. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० मध्येच असतो. टाकी आधीच भरलेली आहे, आणखी किती भरणार?

उलट घाबरून भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरुरीपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखीच घाबरतो. म्हणून आपला श्वास मोठा नको, आवाजाचा नको. लहान, संथ आणि बाहेर जाताना लांब, असा हवा.

आणि हो, एक धोक्याची सूचना. विहिरीत किंवा तलावात जास्त वेळ बुडी मारता यावी म्हणून काही मुलं आधी भराभर श्वास घेतात. असं कधीही करू नका. पाण्याखाली शुद्ध हरपू शकते, आणि ती हरपत असल्याचं कळतही नाही.

दोन घाट, दोन वाटा

श्वासाचा हा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. आजच्या काळात तो पुढे नेणारी दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रात, रेल्वेच्या वाटेवरच आहेत. मुंबईहून पुण्याकडे निघालात आणि गाडी बोरघाट चढून वर आली, की लोणावळा लागतं. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था काढली. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ‘योगाने असं असं होतं,’ हे नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. खरंच होतं का, किती होतं, ते मोजून पाहायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आश्रमातच त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि निष्कर्ष छापण्यासाठी त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं.

मुंबईहून नाशिककडे निघालात आणि कसाऱ्याचा थळ घाट चढलात, की इगतपुरी लागतं. तिथे सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून आहे. तिथली पहिली पायरी म्हणजे आनापान, येणाऱ्या आणि जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवणं. श्वास बदलायचाही नाही, फक्त पाहायचा. भगवान बुद्धांनी शिकवलेला हा अभ्यास मुलांसाठीच्या शिबिरांतही शिकवतात.

एक वाट श्वास बदलण्याची आणि दुसरी श्वास पाहण्याची. आपण दोन्हींतलं थोडं थोडं घेऊ.

करून पाहा

पहिला, ‘चार-सहा’चा श्वास. ताठ पण सैल बसा. खांदे खाली सोडा. नाकाने श्वास घेताना मनात १, २, ३, ४ मोजा. सोडताना १ ते ६ मोजा. अंक साधारण सेकंदाला एक या वेगाने. म्हणजे एका मिनिटात सहाच श्वास झाले. अशी तीन मिनिटं पुरेत. दम कोंडल्यासारखं वाटलं तर तीन-चार मोजा. श्वास मध्ये रोखून धरायचा नाही.

दुसरा, ‘हुश्श’चा श्वास. हा ऐन वेळेसाठी. नाकाने श्वास घ्या. त्यावर आणखी एक छोटा घोट घ्या. मग तोंडाने हळूहळू, गरम दुधावर फुंकर घालावी तसा सगळा सोडा. दोन-तीन वेळा पुरे. शेजारच्या बाकावर पत्ताही लागत नाही.

तिसरं, लक्ष. श्वास नाकपुडीशी आत येताना गार लागतो, जाताना कोमट. तिथे लक्ष ठेवा. मन पळेल. कालच्या क्रिकेट मॅचकडे जाईल, डब्यातल्या भाजीकडे जाईल. जाऊ दे. पळालेलं वासरू ओरडा न करता घरी आणतो, तसं मनाला परत आणा. दहादा पळालं तर दहादा आणा. हे परत आणणं हाच खरा व्यायाम आहे.

पण लक्षात ठेवा, हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. पुरात पडल्यावर कुणी पोहायला शिकतं का? आजपासून रोज, रात्री झोपण्यापूर्वी तीन मिनिटं करा. मग ऐन वेळी शरीराला ती वाट ओळखीची वाटेल.

नेमबाजीतले खेळाडूही हेच करतात. श्वास अर्धा-मुर्धा सोडून, छाती स्थिर झाली की त्या छोट्याशा विरामात चाप ओढतात. वर्षानुवर्षं त्याचा सराव करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. १९५२ मध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या अंतिम फेरीत सगळं जग बघत असताना बंदूक स्थिर ठेवायची, ती काय धडधड न होता? धडधड सगळ्यांनाच होते. ती झाल्यावर काय करायचं, हे शिकता येतं.

आणि एक खरं खरं सांगते. श्वास ही काही जादू नाही. न केलेला अभ्यास कितीही श्वास सोडले तरी आठवणार नाही! श्वास फक्त बंद झालेली वाट उघडतो. वाटेच्या पलीकडे काहीतरी ठेवलेलं असायला हवं ना?

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

मूल घाबरलं की आपण पटकन म्हणतो, “त्यात काय घाबरायचं?” त्याने भीती जात नाही. घाबरण्याची लाज मात्र वाटू लागते. त्यापेक्षा शेजारी बसा, बोलू नका, आणि स्वतः सावकाश श्वास सोडा. मूल आपोआप तुमच्या तालावर येतं. आपणच धापा टाकत “शांत हो, शांत हो!” म्हणत असलो, तर ते कसं व्हायचं? परीक्षेहून आल्याबरोबर “किती सोडवलास?” विचारण्याआधी पाणी द्या.

मुलाला दमा असेल तर दम लागल्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध, पंप हेच आधी. हे व्यायाम त्याच्या जागी नाहीत. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं, मूल आठवड्यामागून आठवडे उदास राहिलं, तर “आपोआप जाईल” म्हणून बसू नका. डॉक्टरांशी बोला. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. मुलांनो, तुम्हीही तो लिहून ठेवा. मदत मागण्यात कमीपणा काहीच नाही.

आणि भाची?

त्या संध्याकाळी गच्चीत मी तिला हेच सगळं सांगितलं. तिने आधी नाक मुरडलं. “मावशी, श्वास काय, घेतेच आहे की मी!” मग नाडीचा प्रयोग केला आणि डोळे मोठे करून म्हणाली, “अगं, खरंच हळू होते!” त्या दिवसापासून रोज रात्री तीन मिनिटं. चार-सहा दिवसांनी पाहते तर ताईही तिच्या शेजारी बसलेली! त्या रात्री ताई तिला म्हणाली, “चुकलंच माझं त्या दिवशी. तू अभ्यास केला होतास.” भाचीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग बोर्डाची परीक्षा आली. गणिताचा पेपर झाल्यावर मी फाटकातच उभी होते. ती आली आणि म्हणाली, “पेपर हातात आल्यावर धडधडलंच गं. पहिला प्रश्न पुन्हा कळेना. मग मी पेन खाली ठेवलं, पाय जमिनीवर टेकवले आणि तीनदा श्वास सोडला. तरी पहिला प्रश्न नाही आला. पण दुसरा आला. मग तिसरा आला. शेवटी पहिलाही आला!”

गुण किती पडले, ते मी सांगणार नाही. तेही नावासारखंच गुपित! पण त्या दिवशी ती वेळेआधी उठली नव्हती. घंटा होईपर्यंत लिहीत होती. मला तेवढं पुरे होतं.

चला, लेख संपला. सगळा वाचलात? मग खांदे सोडा आणि म्हणा बरं एकदा माझ्याबरोबर, हुश्श!